सीबीआर न येणारं प्रॅक्टिकल

आमच्या कॉलेजला कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसचं (बारीक नळीत व्होल्टेज लावून द्रावणातले पदार्थ वेगळे करायचं) मशीन कसं आलं तर दुसऱ्या कुणाला ते नको होतं म्हणून आलं. एका संशोधन संस्थेनं नवीन घेतलं, जुनं निकाली काढायचं ठरवलं, आमच्या प्राचार्यांची तिथं ओळख, आणि एक दिवस टेम्पोत गोधडीत गुंडाळून ते खानदेशातल्या आमच्या लॅबच्या दारात उतरलं. सोबत मॅन्युअलची झेरॉक्स, तीही मधली वीसेक पानं गायब असलेली. दिवा चालू होता, हाय व्होल्टेज चालत होतं, सॉफ्टवेअर एका जुन्यापुराण्या कॉम्प्युटरवर का होईना उघडत होतं. फक्त कॅपिलरी ठराविक तापमानाला ठेवायची जी कूलिंगची यंत्रणा असते ती बंद, नळी गळत होती. दुरुस्तीवाल्यानं जो आकडा सांगितला त्यात आमच्या डिपार्टमेंटची वर्षभराची केमिकल्स आली असती, म्हणून ते तसंच ठेवलं. पुढं या गळक्या नळीनंच सगळ्यात जास्त शिकवलं, ते सांगतेच.

माझी पीएचडी ऑरगॅनिक सिंथेसिसची. कॉलम पॅक करा, टीएलसी बघा, यात आयुष्य गेलेलं. इलेक्ट्रोफोरेसिस मी टीवायला थिअरीत दोन तासांत 'उरकत' होते. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत मी आणि आमचे अटेंडंट आप्पा असे दोघंच पंधरा दिवस त्या मशीनसमोर बसलो, आणि पहिले चार दिवस स्क्रीनवर सरळ रेषेशिवाय काहीही आलं नाही.

कॅपिलरी म्हणजे फ्यूज्ड सिलिकाची नळी, बाहेरून एक मिलिमीटरच्या जेमतेम एक तृतीयांश, आतलं भोक आमच्याकडे ५० मायक्रोमीटर म्हणजे केसाहून बारीक. बाहेरून पॉलिइमाइडचं तपकिरी कोटिंग असतं म्हणून ती वाकते, ते नसेल तर नुसती काच, हात लागला की कट्. आणि नळीतून काय जातंय ते अतिनील प्रकाशानं बघणाऱ्या यूव्ही डिटेक्टरसाठी तेच कोटिंग एका जागी जाळून काढावं लागतं, त्याला विंडो म्हणतात. लायटरनं दोन-तीन मिलिमीटर जाळायचं, काळं झालं की अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या टिश्यूनं हलक्या हातानं पुसायचं. मी पहिल्या दिवशी तीन तोडल्या. आप्पांनी चौथी केली ती पहिल्याच फटक्यात जमली, म्हणे बिडी पेटवायची सवय पाहिजे मॅडम.

मुलांना एकदम मशीनसमोर न्यायचं नाही हे मात्र मी आधीच ठरवलं होतं, कारण आमची मुलं मशीन बघितलं की गप्प होतात आणि बटण दाबलं की आकडा येतो एवढंच घेऊन जातात. म्हणून आधी साबणाच्या प्लास्टिकच्या डबीत अगर-अगर लावलं, पाण्यात खाण्याचा सोडा, दोन्ही टोकांना पेन्सिलीतल्या शिशाचे तुकडे, नऊ व्होल्टच्या पाच बॅटऱ्या एकापुढे एक जोडून ४५ व्होल्ट, आणि मधे जिलेबीत घालतात तो रंग. अर्ध्या तासात पिवळा पट्टा प्लसच्या दिशेनं सरकायला लागला तर पोरं मोबाइलवर टाइमलॅप्स काढत बसली. हे खाण्याचे रंग सल्फोनेट असतात, ऋण चार्ज, जाणार प्लसकडेच. सगळ्यांना पटलं. छान वाटलं. आणि मग मशीनवर मी सांगितलं की आपण कोलातलं बेन्झोएट, म्हणजे तो टिकवायला घालतात ते प्रिझर्व्हेटिव्ह, बघणार, तेही ऋण, आणि ते पोचणार मायनसच्या टोकाला. सगळे माझ्याकडं अशा नजरेनं बघायला लागले की मॅडमचंच काहीतरी चुकलंय.

इथंच खरी गोम आहे. सिलिकाच्या आतल्या भिंतीवर सिलॅनॉल गट असतात, आमचं बफर, म्हणजे पीएच फारसा बदलू न देणारं नळीतलं द्रावण, बोरॅक्सचं, पीएच ९.२ च्या आसपास, त्यात त्यांचा प्रोटॉन सुटतो आणि भिंत ऋण होते, तिला चिकटून द्रावणातले धन आयन गोळा होतात, आणि व्होल्टेज लावलं की हा धन थर मायनसकडं निघतो तो अख्खं पाणी सोबत ओढून नेतो. इलेक्ट्रोऑस्मॉटिक फ्लो. हे असं फळ्यावर लिहिलं तर सगळे वहीत उतरवतात आणि कुणाला काहीही कळत नाही, मी दोन बॅचना हे करून बघितलंय. तिसऱ्या बॅचला सांगितलं, तापीला पूर आलाय. तू जीव तोडून भुसावळच्या दिशेनं पोहतोयस. पोचशील कुठं? मागनं एकजण म्हणाला, सुरतला! बरोबर. फक्त जो नुसता ओंडका आहे, म्हणजे आपलं कॅफीन, त्याला चार्जच नाही, तो पाण्याच्या वेगानं आधी सुरतला जाणार, आणि तू उलटं पोहत होतास म्हणून उशिरा. अ‍ॅस्पार्टेम, साखरेऐवजी गोडीला घालतात ते? तेही उलटंच पोहतंय पण अंगानं जड, बेन्झोएटएवढं जोरात पोहता येत नाही त्याला, म्हणून ते मधे. त्या दिवसापासून आमच्या लॅबमध्ये पीकला (पदार्थ विंडोसमोरनं गेला की स्क्रीनवरच्या रेषेत उठतो तो उंचवटा) 'सुरतला पोचला का' असंच विचारतात.

आता प्रत्यक्ष प्रॅक्टिकल. मशीन एक, पोरं वीस, वेळ चार तास. एक रन बारा मिनिटांचा, मधे कॅपिलरी धुणं, म्हणजे पंधरा मिनिटं धरा, चार तासांत सोळा रन, त्यातले सकाळचे चार सोडियम हायड्रॉक्साइड, पाणी, बफर करत कॅपिलरी जागी करण्यात जातात. हिशोबच बसत नव्हता. शेवटी चार-चार जणांचे पाच गट केले, सकाळी तीन दुपारी दोन, मशीनवर एकच गट, बाकीचे विंडो जाळणं, बफर करून गाळणं, कोला पातळ करणं, आणि कॅपिलरीचं तोडलेलं टोक सरळ आहे का हे बॉटनीच्या मायक्रोस्कोपखाली बघणं. बॉटनीवाले आधी मायक्रोस्कोप देईनात. त्यांच्या एका मॅडमना विंडो दाखवायला बोलावलं तेव्हा दिला.

भीती म्हणाल तर २५ केव्हीची, म्हणजे पंचवीस हजार व्होल्टची. आमच्या गेटबाहेरची लाइन ११ केव्हीची, तिच्या खांबावर कवटीचं चित्र, आणि आतल्या डब्यात त्याच्या दुपटीहून जास्त. करंट मायक्रोअँपिअरमध्ये असतो आणि झाकण उघडलं की व्होल्टेज आपोआप तुटतं हे सांगितलं तरी पहिल्या दिवशी स्टार्ट कुणी दाबायचं यावर चिठ्ठ्या टाकल्या.

चिठ्ठी निघाली तिनं दाबलं, करंट चढला, चाळीसच्या पुढं गेला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि कोलाचं सँपल आत गेल्यावर मिनिटभरात करंट शून्य. दुसऱ्यांदा केलं, परत शून्य. आप्पा म्हणाले, काय व्हयनं मॅडम. मला कळायला अर्धा तास लागला आणि कळल्यावर स्वतःचाच राग आला, पोरांनी बाटली उघडून कोला थेट व्हायलमध्ये ओतला होता, फेसासकट! ५० मायक्रोमीटरच्या नळीत कार्बन डायऑक्साइडचा एक बुडबुडा बसला की सर्किटच तुटलं. लिहून दिलेल्या प्रोसीजरमध्ये 'डीगॅस' असा एक शब्द होता, मीच टाइप केलेला, आणि तो कुणीही वाचला नव्हता कारण आपल्याकडं प्रोसीजर वाचायची नसते, मागच्या वर्षीचं जर्नल बघायचं असतं. आणि या प्रॅक्टिकलचं मागच्या वर्षीचं जर्नलच नव्हतं.

जर्नलवरनं आठवलं, मुख्य गोष्ट ही.

आपल्याकडं बीएस्सी केलेल्या कुणालाही सीबीआर माहीत आहे. कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. टायट्रेशन (ब्युरेटमधून द्रावण थेंबथेंब सोडून किती लागलं ते मोजणं) तीनदा करायचं आणि तिन्ही रीडिंग सारखी आली पाहिजेत, नाही आली तर... येतात. सगळ्यांना येतात. मीही एफवायला १०.२, १०.२, १०.२ लिहिलेलं आहे आणि त्यातलं दुसरं केलेलंसुद्धा नव्हतं. तीन वर्षं हेच केलेलं पोरगं कुठल्याही आकड्याकडं 'किती यायला पाहिजे' याच नजरेनं बघतं.

डिसेंबरचा महिना. सकाळच्या पहिल्या गटाचं कॅफीन ४.२ मिनिटांना आलं, त्यांनी आनंदात सगळ्या ग्रुपवर टाकलं. दुपारच्या शेवटच्या गटानं जर्नल आणलं, कॅफीन ४.२ मिनिटं, बेन्झोएटही सकाळच्यासारखंच, सगळं कसं जुळलेलं, मी सही करायला पेन उघडलं आणि सहज फाइल उघडून बघितली तर कॉम्प्युटरमध्ये ३.६. म्हटलं हे काय? चौघं एकमेकांकडं बघतायत. मग एकजण म्हणाला, मॅडम आमचं चुकलं होतं म्हणून बरोबर करून लिहिलं.

बरोबर करून! मी ओरडणार होते. ओरडले नाही कारण खरं सांगायचं तर मलाही त्या क्षणी माहीत नव्हतं की ३.६ का आलं. मी म्हटलं खोडा, खरं ते लिहा, आणि सकाळच्या गटाला बोलवा. दोन्ही गट समोरासमोर, जवळजवळ भांडण. बफर तेच, बाटली तीच, कॅपिलरी तीच, ६० सेंटिमीटर, डिटेक्टरपर्यंत ५०, व्होल्टेज २५ केव्ही. आधी मोबिलिटी, म्हणजे लावलेल्या व्होल्टेजच्या मानानं वेग, काढायला लावली, दोन्ही लांबींचा गुणाकार भागिले व्होल्टेज गुणिले सेकंद (एकानं दोन्हीकडं ६० टाकलं, ते दर वर्षी कुणीतरी टाकतंच). सकाळी ४.७६, दुपारी ५.५६, दोन्ही गुणिले दहाचा उणे चौथा घात, एकक चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंद. म्हणजे पाणीच दुपारी जोरात वाहत होतं. का?

ते पाच मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग जी मुलगी एरवी तोंडही उघडत नाही ती म्हणाली, मॅडम सकाळी थंडी होती.

आमच्याकडं डिसेंबरात सकाळी लॅबमध्ये स्वेटर घालून उभं राहावं लागतं आणि दुपारी पंखा लागतो. पहिल्या गटानं थर्मामीटरचं रीडिंग घेतलं होतं, १९, कारण जर्नलमध्ये 'रूम टेंपरेचर' असा रकाना असतो म्हणून. दुपारी २६. आणि आमची कूलिंगची नळी गळकी, त्यामुळे कॅपिलरी बिचारी खोलीच्या तापमानालाच. एस्वायला ऑस्टवाल्डचं व्हिस्कॉमीटर सगळ्यांनी केलेलं, म्हणजे जर्नलमध्ये तरी केलेलं, पाण्याच्या व्हिस्कॉसिटीचा (चिकटपणाचा, तो जितका कमी तितकं पाणी जोरात वाहतं) तक्ता भिंतीवर लावलेलाच आहे, त्यावर धूळ होती ती पुसली. १९ अंशांना साधारण १.०३, २६ ला ०.८७. भागाकार १.१८. आणि ४.२ भागिले ३.६? १.१७.

मी वीस वर्षं शिकवतेय, पोरांचे चेहरे असे झालेले मी फार थोड्या वेळा बघितलेत. ज्यानं 'बरोबर करून' लिहिलं होतं तो तर दोनदा कॅल्क्युलेटरवर करून बघत होता. दुसऱ्या दिवशी माझ्या नकळत दोघं-तिघं सकाळी साडेसातला लॅबमध्ये, आप्पांकडनं चावी घेऊन, अजून थंडीत काय येतं बघायला. बिनापरवानगी मशीन चालू केल्याबद्दल झापलं. मग बघितलं किती आलं. ४.४.

त्यानंतर कूलिंग दुरुस्त करायला पैसे मिळाले तरी मी थोडी टाळाटाळ केली हे कबूल करते. आता दुरुस्त आहे, पण दर वर्षी एक दिवस मी ते मुद्दाम बंद ठेवते.

बाकी गोष्टी भराभर सांगते. एचपीएलसी (पंपानं द्रावक ढकलून कॉलममधून पदार्थ वेगळे करायची पद्धत) केलेल्या मुलांना पीकखालचं क्षेत्रफळ थेट वापरायची सवय असते, इथं ते चालत नाही. एचपीएलसीमध्ये डिटेक्टरमधून सगळे एकाच वेगानं जातात. इथं जो हळू पोहतोय तो विंडोसमोरनंही हळूच जातो, त्यामुळे त्याचं क्षेत्रफळ उगाच फुगतं, म्हणून क्षेत्रफळाला त्याच्या वेळेनं भागायचं. हे भागून झाल्यावर सकाळ-दुपारची तफावतही बरीच कमी झाली आणि कोलातलं कॅफीन सगळ्या गटांचं लीटरला ९० ते १०० मिलिग्रॅमच्या आसपास आलं. दुसरं, सँपल. ५० मिलिबारच्या दाबानं पाच सेकंदांत आत किती जातं हे गणित करायला लावलं, साधारण सहा नॅनोलीटर, म्हणजे एका थेंबात सात-आठ हजार इंजेक्शन्स. 'एवढ्यात दिसतं कसं' हा प्रश्न यायलाच हवा आणि उत्तर म्हणजे तेवढं चांगलं दिसतही नाही, प्रकाशाला जायला वाट ५० मायक्रोमीटरची, एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटच्या दोनशेव्या भागाची. कंपनीच्या ब्रोशरमध्ये हे शेवटच्या पानावर असतं. पण एचपीएलसीला लीटरनं ॲसिटोनायट्राइल ओतणाऱ्या आमच्या डिपार्टमेंटला दिवसभरात पन्नास मिलिलीटर बोरॅक्सचं पाणी लागणारं प्रॅक्टिकल म्हणजे लॉटरीच. आणि हे सगळं १९८१ साली जॉर्गेन्सन आणि लुकाक्स या दोघांनी ७५ मायक्रोमीटरच्या काचेच्या नळीत करून दाखवलं होतं हे सांगितलं की पोरांना आपल्या जुन्या डब्याबद्दल जरा आदर वाटतो.

एका वर्षी म्हटलं कोला पुरे, घरनं काहीतरी आणा ज्याच्यावर २११ लिहिलंय. सोडियम बेन्झोएटचा नंबर तो. कुणी सॉस आणलं, कुणी कोकम सरबत, आणि एकानं लिंबाच्या सरबताची बाटली आणली जिच्यावर मोठ्ठ्या अक्षरात प्रिझर्व्हेटिव्ह नाही असं होतं, 'घरगुती'. बेन्झोएटच्या जागी ठसठशीत पीक. गटात एकदम टीव्ही चॅनलसारखं वातावरण, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू का मॅडम. थांब म्हटलं. त्या वेळेला पीक आलं म्हणजे तोच माणूस असं कुठं असतं, त्याच वेगानं पोहणारा दुसरा कुणी असू शकतो ना? मग त्याच सँपलमध्ये ओळखीचं बेन्झोएट थोडं मिसळून परत चालवलं, पीक उंच झालं, शेजारी खांदा नाही. परत दुसऱ्या बफरला केलं. तेच. तरीही एका पद्धतीवर, एका बाटलीवर कुणाचं नाव घ्यायचं नाही असं ठरलं, पोरगा नाराज. ती बाटली त्याच्या आत्याच्याच ओळखीतल्या कुणाची होती हे नंतर कळलं. त्याचं पुढं घरी काय झालं मी विचारलं नाही.

आणि एक. पहिल्याच वर्षी नंदुरबारकडच्या एका मुलीनं, अक्कलकुव्याच्या पुढं कुठंतरी गाव आहे तिचं, तास संपल्यावर थांबून विचारलं, मॅडम आमच्याकडं सिकलसेलला रक्त नेतात आणि रिपोर्टवर इलेक्ट्रोफोरेसिस लिहून येतं, ते हेच का? मी इतकी वर्षं हा विषय शिकवत होते आणि माझ्या समोर बसलेल्या निम्म्या मुलांच्या घरात हा शब्द कागदावर येऊन गेलाय हे मला सुचलं नव्हतं. पुढचा अख्खा तास त्यावर गेला. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन, म्हणजे एक ऋण चार्ज कमी, म्हणून ते हिमोग्लोबिन प्लसकडं पोहण्यात मागे पडतं, आणि १९४९ ला लायनस पॉलिंग या रसायनशास्त्रज्ञाच्या गटानं हा चार्जचा फरक इलेक्ट्रोफोरेसिसनंच दाखवला. गावात शिबिरात आधी जी विद्राव्यतेची चाचणी करतात तिच्यात वाहक आणि आजारी यातला फरक कळत नाही, तो कळायला चार्ज बघावा लागतो, हे वाक्य माझं नाही, तिनं वर्गासमोर उभं राहून सांगितलं, तिच्या भावाच्या दोन्ही रिपोर्टांची नावं घेऊन. आता दर वर्षी मी कोलाच्या आधी हाच तास घेते. रक्त आम्ही लॅबमध्ये आणत नाही, ती आमची कामं नव्हेत, पण पॉलिंगच्या त्या प्रयोगाचं गणित करतो.

परीक्षेचं सांगायचं राहिलं. पहिल्या वर्षी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी जर्नल चाळलं, एकाच प्रयोगाला पाच गटांचे पाच आकडे बघून मला बाजूला घेतलं, मॅडम यात स्टँडर्ड व्हॅल्यू कुठली धरायची, मार्क कसे द्यायचे? मी म्हटलं मुलांना विचारा. त्यांनी ज्याला विचारलं तो नेमका 'बरोबर करून' लिहिणारा. त्यानं खोडलेलं ४.२ दाखवलं, बाजूचं ३.६ दाखवलं, आणि तापी, थंडी, ऑस्टवाल्ड सगळं इतक्या जोरात सांगितलं की शेवटी तेच म्हणाले बस बस, कळलं. मार्क मात्र त्यांनी खाडाखोड आहे म्हणून दोन कापलेच.

कोलाची बाटली आता आदल्या रात्री झाकण काढून ठेवायचं काम आप्पांकडं आहे. लॅबमध्ये खाणंपिणं बंद म्हणून ती स्टाफरूममध्ये ठेवतात. सकाळी येऊन सांगतात, मॅडम, फेस गया. बाटलीत एक ग्लासभर कोला दर वेळी कमी असतो, तो फेसाबरोबर जातो असं त्यांचं म्हणणं आहे.